आधी सरबत घे

मी कॉलेजात जर्मन घेतलं तेव्हा बाबा म्हणाले, "मांडवीच्या किनाऱ्यावर बोलणार कुणाशी गो तू? कुर्ल्या-खेकड्यांशी?" बाबा जन्मभर बोटीवर होते. अर्धं जग फिरले आणि सगळीकडे त्यांचं मोडक्यातोडक्या इंग्रजीवर भागलं, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. आमचं कॉलेज लहान, जर्मनचा वर्ग त्याहून लहान. प्रयोगशाळेला लागून खोली, आम्ही मूठभर मुली आणि नाकात कायम कसला तरी उग्र वास. कॉलेज संपल्यावर बाबांनी अट घातली. पावसाळ्यापर्यंत या भाषेवर नोकरी लागली तर ठीक, नाहीतर मुकाट बी.एड.ला नाव घालायचं. शिक्षिका होण्याची माझी लायकी नाही. दोन पोरं एकदम बोलली की माझं टाळकं सटकतं.

पालीच्या पुढे आमरसाचे डबे भरणारा एक कारखाना आहे. त्यांनी जर्मनीहून मशीन मागवलं होतं आणि ते बसवायची जागा बघायला तिकडचा इंजिनिअर येणार होता. जर्मन शिकवणाऱ्या आमच्या बाईंनी माझं नाव सुचवलं. मालक म्हणाले, एक दिवस दुभाषी म्हणून ये, कसं जमतंय बघू, मग नोकरीचं ठरवू.

सकाळ बरी गेली. माती खाल्ली ती जेवताना. कारखान्याला लागूनच मालकांचं घर, तिथे सुरमई केली होती. पाहुणा नको म्हणाला, तर मी मालकीण काकूंना सांगितलं, "नको म्हणतोय, पण वाढा." आमच्याकडे पहिल्या 'नको'ला कोण विचारतो? पाहुण्याने लाजायचं, आपण वाढायचं, ही रीतच आहे. तो पुन्हा नको म्हणाला, मी पुन्हा वाढायला लावलं. बिचाऱ्याने सगळं संपवलं.

हात धुताना त्याने मला हळूच विचारलं, "मी नको म्हणत होतो, ते तुम्ही सांगितलं नाहीत का?" मी रीत समजावून सांगितली. तो हसला नाही. पोटावर हात ठेवून म्हणाला, "मशीनच्या बाबतीत तरी असं करू नका." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बी.एड. डोळ्यांसमोर नाचायला लागलं.

दुपारी कारखान्यात त्याने मालकांना विचारलं, "मशीन बोटीत चढवायला सांगू का? ते येईपर्यंत शेड बांधून होईल?"

मालक म्हणाले, "होईल, होईल. आधी सरबत घ्या." आणि कोकम सरबताचा ग्लास त्याच्या हातात दिला.

हे उत्तर मी जन्मल्यापासून ऐकत आलेय. पाहुण्याच्या तोंडावर नाही म्हणायचं नाही, काहीतरी खायला-प्यायला पुढे करायचं. सकाळी असतं तर मी सरळ 'होईल' सांगून मोकळी झाले असते. पण ती सुरमई आठवली. मी मालकांकडे वळले. "काका, मी होईल म्हटलं की हे साहेब मशीन पाठवणार. खरंच होईल ना?"

त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग म्हणाले, "नाही गो होणार. चिरे अजून खाणीतच आहेत. पण पाहुण्याला तोंडावर कसं सांगू?"

"मी सांगते की."

मी सांगितलं. इंजिनिअरने मोठा श्वास सोडला. मशीन उघड्यावर गंजलं असतं, म्हणाला, थोडं उशिरा पाठवू. तेवढ्यात काकू पुन्हा सरबताचा जग घेऊन आल्या. तो मला म्हणाला, "यांना नको सांगा, आणि या वेळी नको म्हणजे नकोच." मी तसंच सांगितलं. काकूंचा चेहरा पडला, पण त्यांनी जग खाली ठेवला.

संध्याकाळी पाहुण्याची गाडी गेली. मी मालकांना विचारलं, "काका, माझ्या नोकरीचं काय?"

ते म्हणाले, "अगो, आधी सरबत घे."

म्हणजे नाहीच. ग्लास घेतला आणि तसाच हातात धरला. मग म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते. "काका, नाही असेल तर नाही म्हणा. मला घरी तसं सांगता येईल."

ते इतके हसले की काकू बाहेर आल्या. "सोमवारपासून ये बाय," ते म्हणाले. "आणि ते सरबत खरंच पी. सकाळपासून बोलतेयस, घसा सुकला असेल."

सुटले एकदाची. तिथेच उभ्या उभ्या मी सगळा ग्लास रिकामा केला आणि काकूंनी न विचारता पुन्हा भरला.