शेंगुळ्यांचं पान

फोन आला तेव्हा मी बीडच्या छापखान्यात हुलग्याच्या रंगावरून भांडत होतो. मुखपृष्ठावरचा हुलगा विटकरी दिसत होता, मला मातकट हवा होता. बाळूची बायको, आमच्या वहिनी, एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले... तुमी या." धारूरला उतरलो तेव्हा रंगाचा नमुना मुठीत तसाच चुरगळलेला होता.

बाळू माझा शाळेपासूनचा दोस्त. तो धारूरला खाणावळ चालवायचा. मी शेजारी ओळखपत्रांचे फोटो काढायचो आणि स्वतःला कलावंत समजायचो. एकदा पुण्यात चार मित्रांनी मिळून काढलेलं एक मासिक पाहिलं. जाड खरबरीत कागद, एकही जाहिरात नाही, अख्ख्या पानावर एकच लिंबू. मी खुळावलोच. बाळूला दाखवलं, तर म्हणाला, "एवढी जागा कावून सोडली बे?" म्हटलं, डोळ्याला विसावा. "मग तिथं मटकी टाकू." झाली आमच्या त्रैमासिकाची संपादकीय बैठक! मटकी, चवळी, वाल... गरिबाघरच्या एकेका कडधान्यावर एकेक अंक. तो रांधायचा, मी फोटो काढायचो आणि लिहायचो, गरजेपेक्षा जरा जास्तच.

'चवळी बघता बघता लोण्यासारखी शिजते,' असं मी छापलं आणि शिरूर कासारहून एका काकूंचा फोन आला. सरपण संपलं, चवळी मात्र तशीच. मी त्यांनाच सुनावलं की तुमची चवळी जुनी असेल. बाळूनं फोन हिसकावून पाणी कुठलं ते विचारलं. बोअरचं. जड पाण्यात कडधान्य शिजत नाही हे आमच्याकडे कुणालाही ठाऊक, आणि मी गोड्या आडाशेजारी बसून जिल्ह्याला शहाणपण शिकवत होतो. दुसऱ्या दिवशी त्यानं आडाच्या पाण्याचा कॅन मोटारसायकलवर घेतला, तो धरायला मागं मला. काकूंच्या अंगणात चवळी शिजली तेव्हा म्हणाला, "आदी खा, मग लिही." तेव्हापासून दोघांनी खाल्ल्याशिवाय आम्ही काही छापलं नाही.

हुलग्याचा अंक तयार होता. फक्त शेंगुळे, हुलग्याच्या पिठाच्या रश्शात उकळलेल्या वळ्या, रांधायचे राहिले होते. वहिनी म्हणत होत्या, अंक थांबवू नका. पण दुसरा खाणारा कुठून आणू?

परवा शेवटी त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. माझे शेंगुळे उकळत्या पाण्यात पडले आणि त्यांचं पिठलं झालं. वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. मग त्यांनी पीठ घट्ट मळलं, दोघांनी शेंगुळे वळले, दोघांनी खाल्ले. 

"छापा," म्हणाल्या.

त्या स्वयंपाकघराच्या खिडकीचं दार वाऱ्यानं मिटतं. ताटावर उजेड पडावा म्हणून फोटोच्या वेळी बाळू ते धरून उभा राहायचा आणि दर फोटोच्या कडेला त्याच्या कोपराची सावली यायची. मी चरफडत ती कापून टाकायचो. परवा वहिनींनी दाराला वरवंटा लावला. फोटो काढला. घरी येऊन सवयीनं कड कापायला घेतली... कापण्यासारखं काही नव्हतं.