हुदाचा वाटा

आमोण्याच्या मानशीवर, म्हणजे नदी आणि शेतं यांच्यामधल्या पाण्याच्या दाराशी, तिची राखण करणारे बाबुसोकाका आले की आधी नदीत बोट बुडवून चाटायचे. खारट लागलं तर दार बंद, गोडं लागलं तर उघडं. "जिबेक कळना अशें उदकांत कांयच नासता," जिभेला कळत नाही असं पाण्यात काहीच नसतं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी डिचोलीच्या शाळेत विज्ञान शिकवायचो, पण त्या जिभेपुढे माझं काही चालत नसे.

दुसरी सवय हुदाची. हूद म्हणजे पाणमांजर. ओहोटीला मानशीच्या जाळ्यात आलेला सगळ्यांत मोठा मासा, बहुतेक वेळा चोणक, काका बांधाच्या टोकाला हुदांसाठी ठेवून यायचे. घरी न्यायचे ते लहानसहान मासे. काकी कुरकुरायच्या. न्हंय, म्हणजे नदी, आधी हुदांची, मग आपली, असं काकांचं उत्तर असे.

मग बांधावर हूद मरून पडू लागले. एक तर आमच्या डोळ्यांदेखत थरथरत जागच्या जागी फिरत राहिला आणि कोसळला. माझी एक जुनी विद्यार्थिनी प्रयोगशाळेत होती, तिच्याकडे मी नदीतला चिखल आणि मासे पाठवले. पारा निघाला. वरच्या खाणीच्या मातीचे डोंगर दर पावसात नदीतच उतरत होते. पाऱ्याला चव नसते. लहान मासे तो चिखलातून घेतात, मोठे मासे लहानांना खातात, म्हणून सर्वांत जास्त पारा मोठ्या माशात साठतो. हे सगळं मी काकांना मास्तरकीच्या उत्साहात समजावून सांगितलं. त्याची मला आजही लाज वाटते.

 काका म्हणाले, "म्हणल्यार सगळ्यांत व्हडलें नुस्तें तांकां हांवेंच दिलें, न्हय रे मास्तर?"

सगळ्यांत मोठा मासा तुम्ही दिला नसता तरी हूद स्वतःहून तसेच मासे धरून खातात, असं मी परोपरीनं सांगितलं. ते त्यांच्या कानांत शिरलंच नाही. दुसऱ्या दिवसापासून जाळ्यातला मोठा मासा ते माडाच्या बुंध्याशी पुरू लागले. पाणी चाटणंही बंद केलं.

भाद्रपदात काका गेले. शोकसभेला खाणीचे साहेब आले, काकांच्या नदीवरच्या प्रेमाबद्दल छान बोलले. मी पाठवलेला आणि साहेबांच्याच कार्यालयानं न वाचताच परत केलेला पाऱ्याचा अहवाल माझ्या पिशवीत होता, आणि मीही तो बाहेर काढला नाही. त्या सभेत स्वतःला अपराधी मानणारा एकच माणूस होता, आणि तो हार घातलेल्या फोटोत होता.