चूक न गिळणारा पंप
रात्री दवाखान्यात इन्सुलिनचा पंप ओरडला आणि थांबला. माझा नवरा बेशुद्ध. साखर मोजणारी तार सुटली होती. नर्सने ती लावली, तर साखर पार उतरलेली. जुन्या आकड्यावर औषध चालू राहिलं असतं, तर संपलंच होतं.

अशा पंपांचे प्रोग्राम लिहिणारी माझी नात म्हणाली, "आजी, आम्ही आकडा उघडा देत नाही, डब्यात देतो. डब्यात आकडा असतो, नाहीतर 'चूक झाली' अशी चिठ्ठी. डबा न बघता पुढे जाणारा प्रोग्राम संगणक तयारच होऊ देत नाही. तार सुटली, डब्यात चूक निघाली, म्हणून पंप थांबला."

"आणि तुझे आजोबा? छातीत दुखलं तरी 'बरं आहे'!"

आमच्या घरात चूक गिळायचीच रीत. त्या डब्याने गिळली नाही. त्याचे उपकार मानते.

सकाळी नर्सने विचारलं, "आजोबा, कसं वाटतंय?"

"बरं आहे."

जगले, एवढं खरं.