आबांनी मैदानाला घेतलेली हरकत

मी ज्या स्टेडियममध्ये झाडलोट करते ते आमच्या गावापासून इतकं लांब आहे, की माहेरी यायचं म्हटलं की रेल्वेत झोपूनही पाठ दुखते. जळगावला उतरायचं, मग धुळ्याची एसटी, धुळ्याहून पुढे आमच्या तालुक्याची. माझं लग्न पहूरकडच्या केळीवाल्या घरात झालं होतं. नवरा केळीच्या ट्रकबरोबर दक्षिणेत गेला, तिथल्या केळी पिकवण्याच्या गोदामात कामाला लागला आणि मलाही घेऊन गेला. आठवी अर्धवट सोडलेल्या बाईला एवढ्या मोठ्या जागेत काम मिळालं, पगार बँकेत येतो, दवाखान्याचं कार्ड मिळतं, हे मला अजून खरं वाटत नाही. ज्या सुपरवायझरबाईंनी मला घेतलं त्यांच्यासमोर मी अजून खुर्चीवर बसत नाही. त्या ओरडतात, तरी नाही. आपण बसलो आणि कुणी म्हणालं, ऊठ, ही जागा तुझी नाही, तर? ही धास्ती माझी जुनीच आहे.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी आले तेव्हा आमच्या गावातही स्टेडियम व्हायचं चाललं होतं. नगरपालिकेच्या मैदानावर. एका बाजूला गॅलरी, खाली दुकानांचे गाळे, मध्ये खेळपट्टी आणि भोवती पळायचा ट्रॅक. सरकार काही पैसे देणार होतं, बाकीचे गावाच्या करातून उभे करायचे होते. लोकांकडून हरकती मागवल्या होत्या. आणि पहिली हरकत माझ्या वडिलांनी, आबांनी, घेतली होती.

हे ऐकून मी चक्रावले. आबा आयुष्यात कुठल्या कचेरीत भांडायला गेले नव्हते. रस्ता रुंद करताना पालिकेने आमचा ओटा तोडला, तेव्हाही ते आत चहा पीत बसले होते.

आणि त्या मैदानाशी माझं एक वेगळं नातं होतं. ते गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. मुलगी झाली. पाचवी पुजायच्या आधीच ती गेली. आमच्याकडे दात न आलेल्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. बाया सोबत जात नाहीत. आबांनी तिला माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं, सोबत मीठ घेतलं, शेजारच्या एकाला कुदळ दिली आणि दोघं मैदानाच्या कडेला, नाल्याजवळच्या बाभळींकडे गेले. गावातली लहानगी पिढ्यान्‌पिढ्या तिथंच जात होती. वर काटे टाकायचे, दगड ठेवायचा, खूण करायची नाही. परत येताना मागे वळून बघायचं नाही. आबा आले, पाय धुतले, आणि त्यानंतर आमच्या घरात तो विषय निघाला नाही. आखाजीला पितरांच्या घागरी भरतात, तेव्हा तिची घागर नसते. तिला नावही नव्हतं, तर कुणाच्या नावानं भरणार?

मला पुढे दोन मुलगे झाले. ते त्याच मैदानावर मामाच्या पोरांबरोबर क्रिकेट खेळले. चेंडू कडेला गेला होता म्हणाले, की मी त्यांना आधी पाय धुवायला लावायची. मी स्वतः त्या मैदानावर कधी पाय ठेवला नाही. बाजारात जाताना लांबून वळसा घालायची. नेमकी जागा ठाऊक नसल्यामुळे माझ्यासाठी ते सगळंच मैदान ती होती. एवढंच वाटायचं की आबांना ठाऊक आहे. कुणाला तरी ठाऊक आहे म्हणजे ती हरवलेली नाही.

सुनावणीला मी आबांबरोबर गेले. पालिकेचं सभागृह गच्च भरलं होतं. स्टेडियमच्या बाजूने सगळ्यात पुढे होते ते गॅरेजवाले भाऊ. एके काळी जिल्ह्याच्या कबड्डी संघात खेळलेले, आता ट्रॅक्टर दुरुस्त करतात. आबा उभे राहिले आणि त्यांनी आमच्या अहिराणीत जे बोलायला सुरुवात केली ते ऐकून मी बघतच राहिले.

"नळले पानी आठ दिनमा येस," आबा म्हणाले. "गटारी उघड्या. आनि आपन गॅलरी बांधानी? सरकार अर्धं देई, बाकी कोन देई? आपली घरपट्टीच ना?"

"आबा, घरपट्टी काय फक्त गटारीसाठी भरतस का?" भाऊ बसल्या जागेवरून म्हणाले. "पोरे पयतीन, भरती व्हतीन, गावनं नाव व्हई."

"आनि बांधं म्हंजे झायं का? लाइटनं बिल कोन भरी? वॉचमन? गवतले पानी? आठे मानसेसले पानी नही, गवतले कोठून आनशात?"

मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. भाऊंनी हात जोडले आणि लोकांकडे बघून म्हणाले, "आबा जवानीमा कबड्डीना पहिल्याच डावले बाद व्हयनात. त्याना राग आज काढतस."

सगळं सभागृह हसलं. आबाही हसले, पण बसले नाहीत. "बाद व्हयनू रे भाऊ. पन घरपट्टी भरीसन बाद व्हयनू."

पुन्हा हशा. मुख्याधिकारीही हसले. मला मात्र हसू येईना. आबांनी पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी आवळून धरली होती. घरपट्टीसाठी कुणी असं धरून उभं राहत नाही.

मग आमच्या गल्लीतल्या वेल्डिंगवाल्या चाचांची मुलगी उभी राहिली. पोलीस भरतीची तयारी करते. दोनच दिवसांपूर्वी तिने मला दारात गाठलं होतं. "दीदी, तिकडचा ट्रॅक खरंच लाल असतो का? त्यावर पडलं तर लागत नाही म्हणतात." मी म्हटलं, लाल असतो, आणि उन्हात त्याला रबराचा वास येतो. ती डोळे मोठे करून ऐकत होती, आणि मला वाटलं, माझ्या झाडूच्या नोकरीचं एवढं अप्रूप आजवर कुणाला वाटलं नाही.

सभागृहात ती म्हणाली, "मी सकाळी हायवेच्या कडेने पळते. ट्रकवाले मुद्दाम हॉर्न मारतात. अब्बू मागून मोटारसायकलवर येतात, त्यांना रोज कामाला उशीर होतो. मला गॅलरी नको, सर. कुणी बघायला येणार आहे का मला? फक्त पळायला जागा नीट करून द्या."

मुख्याधिकारी म्हणाले, निधी बांधकामासाठी आहे. नुसत्या मातीच्या ट्रॅकला तो मिळत नाही. गॅलरी होणार असेल तरच ट्रॅक होईल.

ती खाली बसली. आबाही बसले. मी दोघांच्या मधल्या खुर्चीवर होते. एकीकडे माझ्या मनात येत होतं, हिला ट्रॅक मिळालाच पाहिजे. मी शाळा सोडली तेव्हा माझ्यामागे मोटारसायकलवर कुणी आलं नव्हतं. शिवाय मी ज्या स्टेडियमचं अन्न खाते तेही कुणाच्या तरी करातूनच उभं आहे. तिथल्या कुठल्या म्हाताऱ्यानं तेव्हा असाच विरोध केला असेल आणि तो हरला, म्हणून माझी चूल पेटते. आणि दुसरीकडे एकच प्रश्न डोक्यात फिरत होता. गॅलरीचे खांब कुठल्या कडेला येणार?

घरी येताना मी आबांना विचारलं, "आबा, खरं सांगा. घरपट्टीसाठीच ना?"

"मंग कसासाठे?" ते म्हणाले आणि भरभर चालू लागले.

दोन दिवसांनी पालिकेचा इंजिनिअर मैदानावर पाहणीला आला. तरुण पोरगा होता, बोलायला मऊ. बरोबर एक माणूस फक्कीची पाटी घेऊन. आमच्याकडे मैदानावर आखायच्या चुन्याला फक्की म्हणतात. हरकत घेणाऱ्यांना बोलावलं होतं. भाऊही आले होते, त्यांच्याबरोबर पाच-सात माणसं, आणि चाचांची मुलगी. मी आबांच्या मागे होते. मैदानाच्या फाटकाशी माझा पाय अडला, मग टाकला. माती ऊन होती, बाकी काही नाही.

फक्कीवाला रेघ ओढत नाल्याच्या बाजूला निघाला आणि आबा त्याच्या मागोमाग चालू लागले. तो थांबला की हे थांबत. इंजिनिअरच्या ते लक्षात आलं.

"आबा, तुम्हाला पैशाची हरकत आहे की जागेची? जागेची असेल तर सांगा. गॅलरी थोडी इकडे-तिकडे करता येईल. नेमकं कुठे नको, तेवढं दाखवा."

आबांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत या विषयावर त्यांनी माझ्याकडे बघितलं ते पहिल्यांदा.

म्हणून मी बोलले. "साहेब, माझी मुलगी आहे इथं. पुरलेली. लहान होती."

फक्कीवाल्याने पाटी खाली ठेवली. भाऊ माझ्याकडे बघत राहिले, मग मान खाली घालून म्हणाले, "मन्हा भाऊ बी आठेच शे. माय सांगे." त्यांच्याबरोबरचा एक म्हातारा म्हणाला, माझी दोन. कुणाची बहीण निघाली, कुणाचा नातू. चाचांची मुलगी पायाखाली बघून एक पाऊल मागे सरकली, आणि मागे तरी काय आहे ते कळेना म्हणून तिथंच उभी राहिली.

इंजिनिअर हळू आवाजात म्हणाला, "ताई, जागा दाखवा. तेवढी सोडू आपण."

मी आबांकडे बघितलं. आबा चालले. एका ठिकाणी थांबले. मग दहा-बारा पावलं पुढे जाऊन थांबले. परत फिरले. नाला बुजवलेला, बाभळी केव्हाच तोडलेल्या, पालिकेने भराव टाकून कंपाउंड पुढे नेलेलं. ते भिंतीशी गेले, भिंतीला हात लावला आणि तसेच उभे राहिले. मी जवळ गेले.

"माले ठाव नही, बेटा," ते म्हणाले. "मांगे वळी पाहाले नही ना. मी नही पाह्यं. बठ्ठासनी सांगं, पाहू नको, म्हनीसन नही पाह्यं."

"मग हरकत?"

"कोनता कोपरा सांगू? म्हनीसन बठ्ठा मैदानलेच लिधी." बठ्ठा म्हणजे सगळं; सगळ्या मैदानालाच.

भाऊंनाही जागा दाखवता आली नाही. म्हाताऱ्यालाही नाही. कुणी इकडे हात केला, कुणी तिकडे. इंजिनिअर आमच्या सगळ्यांच्या मध्ये नकाशा धरून उभा होता. तो चिडला नाही. "मग रेघ कुठे मारू, तुम्हीच सांगा," एवढंच म्हणाला. चाचांच्या मुलीने माझा हात धरला. तिची बोटं गार होती. ती म्हणाली, "दीदी, मी हायवेवर पळेन." मी म्हटलं, "वेडी आहेस का?" आणि ते मी मनापासून म्हटलं, हे मला आजही आठवतं.

स्टेडियमचा ठराव मंजूर झाला. माझी रजा संपली तशी मी परत आले. इथं गॅलरीखालच्या पॅसेजमध्ये फरशी पुसताना आता माझा हात मध्येच थांबतो. ही जागा आधी कुणाची होती, हे मी कुणाला विचारत नाही. विचारण्याएवढी मला इथली भाषाही येत नाही.

पावसाळ्यानंतर आबांचा फोन आला. मशीन आलं होतं, खांबांचे खड्डे घ्यायला सुरुवात झाली होती. मी रजा मागते म्हटलं. "तू नको येऊ," ते म्हणाले. "मी बठस तठे." आणि ते खरंच रोज सकाळी जाऊन खड्ड्याशी बसू लागले. मशीनचं प्रत्येक खोरं बाहेर आलं की उठून माती चाचपून बघायचे. पहिल्या दिवशी ड्रायव्हर ओरडला. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्या भाऊंनी त्याला बाजूला घेऊन काही सांगितलं. मग तो प्रत्येक खोरं हळू टाकू लागला. भाऊ स्वतः खुर्ची घेऊन आले, दोन दिवसांनी तो म्हाताराही आला. करावरून एकमेकांचे वाभाडे काढणारी माणसं आता ओळीने बसून माती बघत होती, आणि काम लांबतंय म्हणून ठेकेदार बोंबलत होता, असं आबा सांगायचे.

रोज संध्याकाळी फोन यायचा. "आज काही निंघनं नही."

"बरं," मी म्हणायची.

निघावं असं मला वाटत होतं की निघू नये असं, ते मला कळत नव्हतं. निघाली तर पुन्हा कुणीतरी तिला उचलून कुठंतरी नेणार. नाही निघाली तर ती तिथंच, आणि वर माणसं टाळ्या वाजवणार.

शेवटचा खड्डा झाला त्या दिवशी आबांनी फोन केला. मागे मशीनचा आवाज नव्हता.

"काही नही," ते म्हणाले. "बठ्ठा खड्डा पाह्यात."

"बरं, आबा. घरी जा आता."

"जास." पण त्यांनी फोन ठेवला नाही. मग म्हणाले, "आते काँक्रीट टाकाना टाइम शे. आज मी मांगे वळी पाहसू."

आणि मी फोन कानाशी धरून उभी राहिले, ते वळेपर्यंत.