हुसेन या नावाचा खुलासा

गेले पंधरा दिवस माझं बूड एका जागी टेकत नाही. कुकर लावते आणि शिट्ट्या मोजायच्या विसरते. कोथिंबीर निवडायला बसले की काड्या ताटात आणि पानं कचऱ्यात. सून म्हणते, "आई, तुम्ही थोडं चिल करा ना." ती पुण्याची, कॉम्प्युटरवर घरूनच काम करते, निम्मं इंग्रजीच बोलते. मी म्हटलं, बाई गं, फ्रीजमध्ये जाऊन बसू का?

तर झालं काय, ते पहिल्यापासून सांगते.

माझ्या लेकाचं नाव हुसेन. आम्ही निपाणीकडचे मराठे, देव्हाऱ्यात खंडोबा. लग्न होऊन बंगळूरला आले त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली. आमचे मालक पीण्यातल्या कारखान्यात लेथवर होते, ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. माझी पहिली दोन लेकरं राहिली नाहीत. एक सहा दिवसांचं गेलं, दुसरं तर रडलंच नाही. तिसऱ्या वेळी माहेरी गेले तेव्हा गावात मोहरम चालू होता. आमच्याकडचा मोहरम अख्ख्या गावाचा असतो. पिरांचे पंजे दारावरून जाताना आमच्या आया ते धरणाऱ्यांच्या पायांवर घागरी ओतायच्या, चौकात पिंपं भरून सरबत ठेवायच्या. ज्याच्या नावानं हे सगळं चालतं तो आणि त्याची लेकरंबाळं पाण्यावाचून तडफडली, म्हणून त्याच्या नावानं कुणी पाणी मागितलं तर नाही म्हणू नये, असं माझी आई सांगायची. त्या वर्षी तिनं मला भरल्या पोटानिशी पंज्यासमोर उभं केलं आणि पदर पसरायला लावला. "पोर जगू दे, तुझं नाव ठेवीन."

पोर जगलं. मी नाव ठेवलं. तो दहा वर्षांचा होईपर्यंत दर मोहरमला गावी नेऊन त्याला फकीर केला. म्हणजे गळ्यात नाडा बांधायचा, पाच घरी मागायला लावायचं आणि शेवटी पिराला चोंगे द्यायचे. चोंगे म्हणजे गुळाच्या गोड पोळ्या. यात कुणाला काही वेगळं वाटायचं नाही. माझ्या लहानपणी शाळेत मास्तरांनी ते नाव पुकारलं की चार-पाच पोरं एकदम "हजर" ओरडायची, आणि त्यातली निम्मी आमच्यासारख्यांच्या घरची असायची. कानडी घरांत तर हुसेनप्पा, आणि मुलगी झाली तर हुसेनव्वा.

आता लेकाचा कारखाना पीण्याहून बोम्मसंद्राला हलला. शहराच्या या टोकावरून पार त्या टोकाला. माणूस घरी येतो तो नुसता दप्तर टाकून आडवा. म्हणून तिकडे भाड्याचं घर बघायचं ठरलं. घर बघायला मला न्यायचं, असा आमच्याकडे रिवाज. मला कानडी बोलता येतं, आणि बरोबर म्हातारी असली की घरमालकांना धीर येतो.

घर फार छान होतं. वरचा मजला, दोन्हीकडून वारा, तुळशीला जागा. घरमालकीण माझ्याच वयाची. मी तिला अक्का म्हणत होते, ती "बन्नी, बन्नी", म्हणजे या, या, करून आम्हाला सगळ्या खोल्या दाखवत होती. मग तिनं लेकाला नाव विचारलं. त्यानं सांगितलं.

तिच्या हातातली किल्ली तशीच राहिली. "अय्यो," ती म्हणाली, "हे घर खरं तर आमच्या भाच्याला द्यायचं ठरलंय. बघा, विसरलेच मी."

आणि मी तोंड उघडलं.

"अहो अक्का, तसं नाही! ते नवसाचं नाव आहे हो. आम्ही तुमच्यातलेच. घरात खंडोबा आहे, शनिवार पाळतो, अंडंसुद्धा शिजत नाही आमच्याकडे!" अंड्याचं खोटं होतं. रविवारी शिजतं.

ती खळखळून हसली. "मग आधी नाही का सांगायचं!" भाचा कुठे गेला कोण जाणे. काफी आली, चकली आली, मोटारीचं बटण कुठे आहे तेही कळलं. मी मनात म्हटलं, बघ, म्हातारी उपयोगी पडते की नाही.

येताना लेक बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसला. मला वाटलं, दमला असेल. घरी येऊन बूट काढता काढता म्हणाला, "आई, आमच्या कारखान्यात अजून एक हुसेन आहे, तुला माहीत आहे ना?"

माहीत होता. गदगकडचा पोरगा, दोन लेकरांचा बाप. दोघं एकाच मशीनवर. आमचा उंच म्हणून तो दोड्ड हुसेन, म्हणजे मोठा, आणि तो ठेंगणा म्हणून चिक्क हुसेन.

"तो पाच महिने घर शोधतोय," लेक म्हणाला. "आजचं घर त्यानं आपल्याआधी बघितलं होतं. त्यालाही तिनं भाचाच सांगितला. त्याच्याबरोबर खुलासा करायला तू नव्हतीस."

"अरे, पण त्याचा काय खुलासा करणार? त्याचं तर खरोखरच..."

एवढं बोलले आणि उठून कुकर लावायला गेले.

लेकानं ते घर नको म्हणून कळवलं. सून चिडली, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. नातीची शाळा तिथून पाच मिनिटांवर होती. "आई काय खोटं बोलल्या का?" ती म्हणाली. नव्हतेच बोलले, अंड्याचं सोडलं तर. तेच तर मला खुपत होतं. खरंच सांगितलं, पण कशासाठी सांगितलं? पोर मागताना ज्याच्यापुढे पदर पसरला, घर मागताना त्याच्याच नावावरून पदर झटकला. आणि वर काफी प्यायले.

तेव्हापासून हे असं. बसवत नाही, उठवत नाही. गावी अण्णाला, माझ्या थोरल्या भावाला, फोन लावला.

"अण्णा, नवसाचं नाव नाकारलं तर काही होतं का रे?"

"का? नाव बदललंस काय पोराचं?"

"नाही. खुलासा केला."

सगळं ऐकून घेतलं आणि हसला मेला. "पिराला काय होतंय? तुलाच काहीतरी झालंय, ते बघ." मग म्हणाला, "आता आपल्यात कुणी ठेवत नाही ते नाव. फोनमधनं दोन अक्षरी काढतात, तसली. आपल्यातला शेवटचा तुझाच."

हे ऐकून मी जास्तच अस्वस्थ झाले. एखादं भांडं घरात आता एकच उरलंय म्हटल्यावर ते उचलताना दोन्ही हात लावतो, तसं.

मागच्या आठवड्यात लेकाला सांगून चिक्क हुसेनला चहाला बोलावलं. मला त्याची माफी मागायची होती, पण अशी माफी मागायची कशी? मी आपली उपमा वाढत राहिले. शेवटी विचारलं, "बाबा, तुमच्या दोघांच्या नावाचा अर्थ तरी काय रे?"

"अव्वा, चाळीस वर्षं हाक मारताय आणि मला विचारताय?" तो लेकाकडे बघून हसला. मग त्याच्या आजोबांनी सांगितलेलं सांगितलं. अरबीत हसन म्हणजे चांगला, देखणा. हुसेन हे त्याचंच लाडाचं रूप, छोटा देखणा. पैगंबरांनी आपल्या नातवांना ही नावं ठेवली, थोरला हसन आणि धाकटा हुसेन. त्याआधी अरबस्तानात कुणाला ही नावं सुचलीच नव्हती म्हणे.

"देखणा?" मी म्हटलं. "आमचा जन्मला तेव्हा वाळल्या वांग्यासारखा होता!"

दोघं खो खो हसले. हसता हसता मला वाटलं, म्हणजे हे एका आजोबानं लाडानं ठेवलेलं नाव. आणि मी आज्जी असून त्याला दाराबाहेर उभं केलं. मग मी अक्काच्या घरातलं सगळं त्या पोराला सांगून टाकलं. तो खाली बघून उपमा खात राहिला. "असू द्या अव्वा," एवढंच म्हणाला. चिडला असता तर बरं झालं असतं.

परवा रविवारी दुसरं एक घर बघायला गेलो. वर एक बिऱ्हाड, खाली एक, दोन्ही रिकामी. म्हणून या वेळी दोन्ही हुसेनांना घेऊन गेले. जाताना लेक म्हणाला, "आई, नाव विचारलं तर फक्त नाव. पुढं काही नाही." मी म्हटलं, हो. म्हणायला काय जातं? माझ्यासारख्या बडबडीला गप्प बसवणं म्हणजे उतू चाललेल्या दुधाला थांब म्हणणं.

घरमालक निवृत्त माणूस, चष्मा कपाळावर. आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. नाव विचारलं. लेकानं सांगितलं. मग चिक्क हुसेननं सांगितलं.

मालकानं चष्मा खाली घेतला. एकदा याच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, आणि मग माझ्याकडे. माझ्या नऊवारीकडे बघतोय हे मला कळत होतं. नवस, खंडोबा, शनिवार, सगळं जिभेच्या टोकावर आलं. एक वाक्य, आणि वरचं बिऱ्हाड आमचं झालं असतं. खालचं नाही.

"स्वल्प पाणी देता का?" मी म्हटलं.

तो उठला, आतून तांब्याभर पाणी आणून माझ्या हातात दिलं. मी मोठा घोट घेतला आणि गिळलाच नाही. गाल फुगवून बसून राहिले, मारुतीसारखी. लेकानं बघितलं आणि मान फिरवली. हसू दाबत होता की काय, देव जाणे.

"दोघं एकाच नावाचे," मालक शेवटी म्हणाला. "हाक कशी मारायची?"

"मी चिक्क," खालच्या बिऱ्हाडाचा उमेदवार म्हणाला.

"सरी, बरं. घरात विचारून फोन करतो."

दोन दिवस झाले. फोन गॅसजवळच्या फळीवर ठेवलाय, आवाज मोठा करून. कुकरच्या शिट्ट्या आजही चुकल्या. सून आत्ताच येऊन गेली. "आई, त्यांना सांगितलं असतंत तर एव्हाना एक तरी घर मिळालं असतं." मी म्हटलं, हो गं, एक मिळालं असतं. आणि पुन्हा फोन वाजतोय का ते बघायला उठले.