गाडी घरी लागेपर्यंत

आम्ही प्रयागहून परत आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या प्रवासाच्या गोष्टी घरात अजून निघतात. संगमावरची गर्दी, भेडाघाटचे पांढरे खडक, रस्त्यात खाल्लेले पेरू. मी ऐकत बसते. मला जास्त आठवतं ते घरी पोचल्यानंतरचं. त्यात दुसऱ्याला सांगण्यासारखं काही नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

तेव्हा आम्ही नागपूरला महाल भागात दोन खोल्यांत राहायचो. मी, हे, सासूबाई आणि आमची मुलगी. मुलगी पहिलीत होती. यांचं मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. लिलावात निघालेली एक जुनी जीप यांनी आणली आणि वर्षभर तिच्या मागे लागून ती चालती केली. गाडी चालू झाली तशी सासूबाई म्हणाल्या, "माघात मले संगमावर ने गा. रेल्वेनं नको. मधी जबलपूरले तुझ्या बहिणीकडं उतरू." हे हो म्हणाले. मला कोणी विचारलं नाही, पण मला जायचंच होतं. लग्नानंतर नागपूर सोडून मी माहेराशिवाय कुठे गेले नव्हते.

आमच्या घरची पद्धत आधी सांगायला हवी. थोरांसमोर सुनेनं नवऱ्याशी बोलायचं नाही. नवऱ्यानंही तिच्याशी नाही. काही सांगायचं असलं तर सासूबाईंना सांगायचं, त्या पुढे सांगत. हे समोर बसलेले असले तरी मी म्हणायची, "आत्याबाई, यांना विचारा ना, भात वाढू का." आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. त्या म्हणत, "भात घेतं का गा?" हे त्यांनाच सांगत, "अर्धी मूद दे म्हणा." मग त्या माझ्याकडे पाहत आणि मी अर्धी मूद वाढायची. तिघंही दोन हातांवर असायचो. दोन खोल्यांच्या मध्ये नुसता पडदा होता आणि सासूबाईंची झोप हलकी, त्यामुळे आमचं आमच्यात बोलणंही कुजबुजून आणि कामापुरतं व्हायचं. पोरगी आजारी आहे, रॉकेल संपलं, उद्या लवकर उठव. सात-आठ वर्षं अशी गेली. मला ते वाईट वाटायचं असंही नाही. माझ्या आईनं तेच केलं होतं.

निघालो तेव्हा पुढे यांच्या शेजारी सासूबाई बसल्या, मी आणि मुलगी मागे. जीपला वरून नुसती ताडपत्री. थंडीचे दिवस, बाजूनं वारा असा घुसायचा की कामठी ओलांडेपर्यंत सासूबाईंचा कान दुखायला लागला. देवलापारला चहा प्यायला उतरलो तेव्हा त्यांनी कानाला गरम फडकं बांधलं, वरून शाल घेतली आणि मागे गाद्यांमध्ये जाऊन बसल्या. मुलगीही त्यांच्या शालीत शिरली. पुढची जागा मला मिळाली.

रस्ता तेव्हा एका गाडीपुरता डांबराचा होता. समोरून ट्रक आला की डावी चाकं खाली कच्च्यावर उतरवायची, ट्रक जाऊ द्यायचा आणि पुन्हा वर चढायचं. उजवीकडे बसलेल्याला डावी कड नीट दिसत नाही. ट्रकवर ते काम क्लीनरचं असतं, तो डावीकडे डोकं बाहेर काढून ओरडत असतो. आमच्या गाडीत ती जागा माझी होती, पण ते काम माझं आहे हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

कुरईच्या अलीकडे एक ट्रक आला. यांनी गाडी खाली घेतली. मला समोर गवतात मोठा खड्डा दिसला, पावसाळ्यात कड वाहून गेली होती. मी झटकन मागे वळले आणि म्हटलं, "आत्याबाई, यांना सांगा ना, इकडं खड्डा आहे."

सासूबाईंनी कानावरचं फडकं वर केलं. "काय म्हणून राहिली वं?"

"खड्डा आहे म्हणा यांना."

"कोणता घडा?"

तेवढ्यात डावं चाक आत गेलं. गाडी कलली, लाडवांचा डबा उलटला आणि मुलगी आजीच्या मांडीवरून गडगडत माझ्या पाठीवर आली. कोणाला लागलं नाही. शेतातली माणसं धावून आली, चाकाखाली दगड भरले आणि गाडी ढकलून वर काढली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "गड्ढा दिखा नहीं क्या?" उत्तर सासूबाईंनी दिलं. गादीवरचे लाडू वेचता वेचता म्हणाल्या, "दिसला बाप्पा, सुनेले दिसला. तिनं मले अर्जी दिली. मी पुढं पाठवून राहिली होती."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सारे मेलो असतो तरी मधी मलेच घातलं असतं का वं तू? तोंड दिलं ना देवानं? गाडी घरी लागेपर्यंत तू याच्याशी बोल. मी काही म्हणत नाही."

हे चिखल पुसत होते. खाली मान घालून हसत होते, ते मला दिसलं.

तिथून पुढे मी बोलायला लागले. आधी नुसतं "सायकल", "बैल", "दगड", आणि कड मोकळी असली की "या". जीपचा आवाज इतका की हळू बोललेलं ऐकूच जायचं नाही. मला ओरडावं लागायचं. माझा आवाज एवढा मोठा निघतो हे मला माहीत नव्हतं. पहिल्यांदा ओरडले तेव्हा मीच दचकले.

मग हळूहळू दुसरं बोलणं निघालं. कुरईच्या जंगलात यांनी विचारलं, "ते कोणतं झाड गा?" मला 'गा' म्हणाले, पुरुषाला म्हणतात तसं. दुकानातल्या लोकांशी बोलायची सवय. मी म्हटलं, "तो मोह आहे." "अन् ते?" "धावडा." यांना आश्चर्य वाटलं. मी शेतावर वाढलेली, मला झाडं माहीत असणारच. पण यांनी कधी विचारलं नव्हतं आणि मी कधी सांगितलं नव्हतं. मला विहिरीत पोहता येतं हेही यांना त्याच दिवशी कळलं. "वरून उडी मारत होती?" "मारत होते." "भेव नाही वाटे?" "नाही." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "मले घाट उतरताना लागते भेव. दुकानात सांगशील नको." मी दुकानात कधी पायसुद्धा ठेवला नव्हता. मी म्हटलं, "नाही सांगत."

मागे दोघी झोपलेल्या असायच्या. जबलपूर, कटनी, मैहर, रीवा. रोज काहीतरी नवं कळायचं. यांना लहानपणी बोट बुडेल इतकी जाड साय आलेलं दूध आवडायचं आणि अजून आवडतं. यांच्या वडिलांनी यांना शाळेतून काढलं तेव्हा हे दोन दिवस जेवले नव्हते. मी चौथी पास झाले तेव्हा गुरुजी घरी आले होते, पोरीला पुढे शिकवा म्हणून, हे मी यांना सांगितलं. यांनी विचारलं, "मग?" मी म्हटलं, "मग काही नाही." यावर दोघंही पुष्कळ वेळ हसलो. हसण्यासारखं त्यात काय होतं ते आता सांगता येत नाही.

संगमावर डुबकी घेताना सासूबाई म्हणाल्या, मनात जे असेल ते माग. सगळ्या बाया मुलगा मागत होत्या. मी एवढंच मागितलं की घरी गेल्यावरही हे माझ्याशी बोलोत. सासूबाईंचे शब्द माझ्या लक्षात होते. गाडी घरी लागेपर्यंत, असं त्या म्हणाल्या होत्या.

परतीच्या वाटेवर मी रस्ता मोजल्यासारखी बसले होते. लखनादौन गेलं, सिवनी गेली. आमचा खड्डा आला तेव्हा हे म्हणाले, "पाह्य, तुही जागा आली," आणि मुलगी खिदळली. खवासा ओलांडल्यावर यांचं बोलणं कमी झालं. मी म्हणायची "सायकल", हे नुसती मान हलवायचे. मला वाटलं थकले असतील. कामठीच्या पुढे रस्ता यांच्या ओळखीचा, माझी गरज नव्हती. तरी मी सांगत राहिले. डावीकडे रिक्षा आहे. डावीकडे म्हैस आहे.

आमच्या गल्लीत जीप शिरत नसे. हे ती कोपऱ्यावर लावत. गाडी बंद केली तेव्हा कानात एकदम सुन्न झालं. कितीक दिवस तो आवाज कानात होता. शेजारच्या बाया जमल्या, सासूबाईंच्या पाया पडल्या, गंगेचं पाणी मागू लागल्या. मी गाद्या काढत होते. हे माझ्याजवळच उभे होते, दोरी सोडत. तिथूनच सासूबाईंना म्हणाले, "आई, तिले सांग, चहा ठेव म्हणा."

सासूबाईंनी बायांच्या घोळक्यातून मान वळवली आणि मला सांगितलं. मी आत जाऊन चूल पेटवली. घर बंद होतं म्हणून कोंदट वास येत होता. कोनाड्यात कोळ्यानं जाळं केलं होतं. चहाला उकळी येईपर्यंत मी तिथेच बसून राहिले. आपण काही चुकीचं बोललो का हे रस्त्यातलं एकेक बोलणं काढून पाहिलं. तसं काही सापडलं नाही.

मावंदं झालं, गल्लीतली माणसं जेवून गेली. दुसऱ्या दिवसापासून सगळं आधीसारखं. फक्त माझा आवाज मोठा राहिला होता. नळावरून मी मुलीला हाक मारली तर सासूबाई आतून म्हणाल्या, "हळू वं. गाडीत नाही बसली आता तू." त्या रागानं नाही म्हणाल्या. शेजारची हसली, मीही हसले. पण त्यानंतर मी आवाज खाली आणला.

मला एक आशा होती. होळीच्या आधी सासूबाई उमरेडला बहिणीकडे जाणार होत्या. मला वाटायचं, त्या घरात नसल्या म्हणजे थोर कोणी नाही, मग पद्धत कोणासाठी पाळायची? त्यांची पिशवी मीच भरली. काही विसरायला नको, लवकर परत यायला नको, म्हणून कानाचं औषधसुद्धा आठवणीनं घातलं.

त्या गेल्या त्या संध्याकाळी हे दिवेलागणीलाच आले. मी वांग्याचं भरीत केलं होतं, ज्वारीच्या गरम भाकरी टाकत होते. हे पाटावर बसले, मुलगी यांच्या शेजारी. मी ताट दिलं. काय बोलायचं ते मी दुपारपासून ठरवून ठेवलं होतं. मला विचारायचं होतं, दुकानात आज कोणती गाडी आली. सोपं होतं. हे जेवत होते, मी भाकर थापत होते, आणि शब्द ओठापर्यंत येऊन थांबत होता. घर इतकं शांत होतं की भाकरीवर हात पडल्याचा आवाज मोठा वाटत होता.

यांनीही दोनदा वर पाहिलं. यांना काही म्हणायचं होतं असं मला वाटलं, अजून वाटतं. मग ते मुलीला म्हणाले, "तुह्या आईले सांग, भरीत चांगलं झालं."

मुलगी मला म्हणाली, "भरीत चांगलं झालं."

मी म्हटलं, "आणखी घ्या म्हणा."

"आणखी घ्या," ती बापाला म्हणाली. मग तिनं घास हातात तसाच धरून आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "गाडीत तर बोलत होते तुम्ही," ती म्हणाली. "आता काहून नाही बोलत?"

हे खाली ताटाकडे पाहत राहिले. मी वाट पाहिली. तव्यावरची भाकर करपायला लागली तरी मी ती उलटली नाही. मुलगी उत्तराची वाट पाहत होती आणि कोणीतरी ते द्यायला हवं होतं. शेवटी मीच म्हटलं, "गाडीत खड्डे सांगावे लागतात बेटा. घरात कुठं असतात खड्डे?"

तिला ते पटलं. ती जेवायला लागली. यांनी रिकामा तांब्या माझ्या बाजूला सरकवला, मी तो भरून ठेवला.