गाडीबरोबर आलेली मावशी

माझ्या लग्नाची बोलणी संपत आली असताना वडील व्याह्यांना म्हणून गेले, "मुलीला मी मोटारीनं पाठवीन." कोणी मागितलं नव्हतं. वडील अमरावतीत शाळामास्तर, सासरे अकोल्याला वकील. त्या बैठकीत आपल्याकडूनही काही भारदस्त बोललं जावं, असं त्यांना वाटलं असावं. एकोणीसशे साठच्या आसपासची ही गोष्ट. भाड्याच्या मोटारी तेव्हा मोजक्याच होत्या आणि अकोल्यापर्यंतचं भाडं ऐकलं की वडील मुकाट्यानं घरी येत.

शेवटी कोणीतरी कापसाच्या एका अडत्याचं नाव सुचवलं. त्यांच्याकडे नवी मोटार आली होती आणि जुनी शेडमध्ये उभी होती. लढाईच्या आधीची, उंच, कापडी टपाची, रबरी फुग्याचा भोंगा असलेली. शेठजी म्हणाले, पेट्रोल आणि ड्रायव्हरचा भत्ता द्या, वर तुम्हाला जमेल ते द्या. फक्त आमची मंडळी सोबत जाईल. वडिलांनी आनंदानं होकार दिला. मंडळी म्हणजे ड्रायव्हर आणि क्लीनर, असं ते धरून चालले. घरी येऊन त्यांनी आईला तसंच सांगितलं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वऱ्हाड बडनेऱ्याहून रेल्वेनं निघालं. वडील त्यांना पोचवायला स्टेशनवर गेले. माझ्यासाठी मोटार दारात आली तेव्हा मागच्या सीटवर एक बाई आधीच बसलेल्या होत्या. गर्द जांभळं रेशमी लुगडं, नाकात नथ, कपाळावर ठसठशीत कुंकू. पन्नाशीच्या आतबाहेरच्या असतील. त्या उतरल्या नाहीत. मला जागा करून देत थोड्या सरकल्या, एवढंच.

पाठराखीण म्हणून माझ्याबरोबर आत्या येणार होती. नवी नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा माहेरची एक बाई सोबत जाते, ती पाठराखीण. आत्या पिशवी घेऊन मोटारीपाशी आली, आतल्या बाईंकडे पाहिलं आणि तशीच मागे फिरली. नंतर कळलं, नवरदेवाकडच्यांनी आपलीच बाई आणून बसवली, आपला अपमान झाला, असं तिला वाटलं होतं. आईला रडण्यापुढे काही दिसत नव्हतं. मला तर त्या बाई सासरच्याच वाटल्या. पुढे ड्रायव्हरशेजारी हे बसले. यांनी मागे वळून त्या बाईंना नमस्कार केला आणि मोटार निघाली.

आमच्यात अजून एक शब्दही बोलणं झालेलं नव्हतं. लग्नात उखाणा घेतला असेल तेवढाच माझा आवाज यांनी ऐकलेला. अशा वेळी, या कोण, हे मी कोणाला विचारणार?

मूर्तिजापूरच्या अलीकडे इंजिनातून वाफ यायला लागली. ड्रायव्हरनं मोटार निंबाखाली घेतली आणि पाणी आणायला शेतातल्या विहिरीकडे गेला. बाईंनी डबा उघडून पुऱ्या आणि लोणचं काढलं, आधी यांना दिलं, मग मला.

"घ्या ना मावशी तुम्ही पण," हे म्हणाले.

मग माझी खात्रीच झाली, या यांच्या मावशी. मीही पाणी देताना मावशी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं आणि विचारलं, "भेव लागून राहिला का तुले?" मी मान हलवली. हो की नाही, ते माझं मलाही ठरवता आलं नव्हतं. "मले पण लागून राहिला," त्या म्हणाल्या. सासरच्या बाईला कसली भीती, ते काही मला समजेना.

अकोल्यात शिरल्यावर त्यांनी ड्रायव्हरला वेगळ्याच गल्लीत वळायला सांगितलं. एका निळ्या दाराच्या घरापुढे मोटार थांबली. बाईंनी पदर कपाळावर ओढून घेतला. भोंगा वाजल्यावर एक टक्कल पडलेले गृहस्थ बाहेर आले. त्यांनी मोटारीतली नवरी पाहिली, यांच्या मुंडावळ्या पाहिल्या आणि काही विचारायच्या आतच ड्रायव्हरला सांगू लागले, वकिलांचं घर मागच्या रस्त्याला आहे, देवळापासून उजवीकडे वळा. ते आत गेले. बाई बसूनच राहिल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "चाल बाबा." सासरच्या वाटेवर कोणा नातलगाच्या दारी थांबायची यांची रीत असेल, असं मी समजून घेतलं. हेही गप्प होते. मला वाटलं, यांना सगळं माहीत आहे.

घरी सासूबाईंनी आमच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी माप ओलांडलं. मागून मावशी आल्या, तर त्यांच्या पायांवर पाणी घातलं, बसायला पाट दिला, खणानारळानं ओटी भरली. आपल्याच बहिणीचा एवढा मान सासूबाई का करतात, ते मला कळेना. मावशींनी ओटी घेतली आणि डोळ्यांना पदर लावला.

संध्याकाळी मी माजघरात एकटी असताना हे दारात आले. घसा साफ करून म्हणाले, "आई विचारते आहे, तुमच्या मावशींचं अंथरूण कुठं घालायचं?"

आमच्या संसारातलं हे पहिलं वाक्य.

मी म्हणाले, "माझ्या? त्या तुमच्या मावशी ना?"

 मग आम्ही दोघांनीही ओसरीकडे पाहिलं. त्या सासूबाईंबरोबर शेंगा निवडत बसल्या होत्या.

विचारायचं काम सासूबाईंनीच केलं. त्या सरळ बोलणाऱ्या होत्या. "बाई, राग मानू नका, पण तुमी कोणाच्या?"

बाईंनी सुपातला हात काढला नाही. मोटार आमची आहे, त्या म्हणाल्या. निळ्या दाराचं घर त्यांचं माहेर. नवऱ्याचं आणि भावाचं कापसाच्या व्यवहारात बिनसलं तेव्हापासून जाणंयेणं बंद झालेलं. अकोल्याला मोटार जातेच आहे तर दुरून पाहून ये, असं शेठजींनी सांगितलं होतं. दारात भाऊ दिसला की उतरायचं, असं वाटेत त्यांनी मनाशी ठरवलं. भाऊ दिसलाही. "त्यानं मले वऱ्हाडातली समजलं. लगनाच्या गाडीतून कसं उतरू?"

त्यांना त्याच संध्याकाळी परतायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, "पाठराखीण म्हणून आल्या तर पाठराखिणीसारखं राहा. उद्या सत्यनारायण आहे." असं का म्हणाल्या, मला तेव्हाही नीट उमगलं नाही. ड्रायव्हरही थांबला.

तिकडे अमरावतीत दुसऱ्या दिवशी सकाळी शेठजी आमच्या घरी. "मास्तर, आमची मंडळी कुठं राहिली?" वडिलांनी सांगितलं, ड्रायव्हर आणि क्लीनर दोघंही वकिलांकडेच थांबले असतील. शेठजी म्हणाले, क्लीनर नव्हताच, मी मंडळींचं विचारतोय. बराच वेळ दोघं एकमेकांना मंडळी, मंडळी म्हणत राहिले. आईनं स्वयंपाकघरातून ऐकलं, तिला जांभळं लुगडं आठवलं आणि शेठजींची मंडळी म्हणजे त्यांची बायको, हे तिला उमगलं. वडिलांचा चेहरा कसा झाला असेल! मोटार मागायला गेलो आणि एका घरची सून परगावी हरवून बसलो, असं ते पुढे कितीदा तरी सांगत.

सत्यनारायणाला सासूबाईंनी निळ्या दाराच्या घरीही बोलावणं पाठवलं होतं. भाऊ आले नाहीत, भावजय आली. प्रसादाची वाटी हातात घेता घेता तिनं वर पाहिलं आणि वाटी तशीच धरून उभी राहिली. दोघी परसात गेल्या. पुष्कळ वेळानं आल्या तेव्हा भावजय त्यांना दुपारपुरतं घरी नेण्याची परवानगी सासूबाईंकडे मागत होती. सासूबाईंनी ती दिलीही, आणि मग जरा गोंधळून यांच्याकडे पाहिलं, कारण परवानगी देणाऱ्या त्या कोण होत्या?

दिवेलागणीच्या आधी मावशी परत आल्या. भाऊ बोलला की नाही, काय बोलला, हे त्यांनी सांगितलं नाही आणि विचारावं असं त्यांचं तोंडही नव्हतं. दुसऱ्या सकाळी मोटार निघाली तेव्हा मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. माहेर सोडताना रडले त्यापेक्षा जास्तच. शेजारपाजारच्या बायका म्हणाल्या, सख्खी मावशी दिसते.

पुढे कधी माहेरी गेले की मी त्यांना भेटून येत असे. त्या सासूबाईंची खुशाली विचारत, चहा देत, मुलांच्या हातात खाऊ ठेवत. अकोल्याचा विषय निघाला की गप्प बसत. गप्प बसणं दुःखाचं होतं की आता तिथे सगळं सुरळीत होतं म्हणून, ते मला ओळखता आलं नाही. यांना विचारलं तर म्हणत, "तुझी मावशी. तुला ठाऊक."